शिरेचा पूल

हिदार महिना, ४

आज यशारेगला दाखल करून घेतले. वय एकोणीस, गोज्जाम प्रांतातल्या खेड्यातली. लहानपणी गोवर झाला, त्याच्या पाठोपाठ तोंड कुजले आणि डावा गाल गेला, ओठाचा कोपराही गेला. त्या भोकातून तिच्या दाढा दिसतात. पांढऱ्या शालीचे टोक ती त्या बाजूला इतके सफाईने धरते की परक्याला वाटावे, मुलगी लाजते आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरदेशच्या एका पथकाने शिवून पाहिले होते. शिवण सुटली, आणि जाताना त्या मंडळींनी गालाजवळच्या रक्तवाहिन्याही निकामी केल्या.

म्हणून ती माझ्याकडे आली. मांडीचा जाड तुकडा त्याच्या धमनी-शिरेसकट काढायचा, गालात बसवायचा आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. पण तिच्या मानेत धड वाहिन्या उरल्या आहेत त्या पार खाली, हासळीच्या हाडाजवळ. तुकड्याच्या वाहिन्यांची नाळ तिथवर पोचत नाही. मधले अंतर भरायला पायातली शीर काढून पूल बांधावा लागेल. शिरेचा एक भाग रक्त आणायला, दुसरा रक्त परत न्यायला. हे आमच्या हॉस्पिटलात अजून कोणी केलेले नाही. खरे सांगायचे तर मीही केलेले नाही, फक्त शेजारी उभे राहून पाहिले आहे.

मी तिला विचारले, "काय हवंय तुला यातून?" मला वाटले, लग्न म्हणेल.

"सगळ्यांच्या ताटात जेवायचंय," ती म्हणाली.

तिची आई वर्कनेश शेजारीच उभी होती. "भिंतीकडे तोंड करून जेवते हो ती. पाहुणा आला की आपण होऊन उठून गुरांकडे जाते. एकदा मी घास भरवायला गेले, तर सगळा गालातून बाहेर. ती रडली, मग मीही रडले. पुन्हा नाही भरवला."

"भरवाल," मी म्हटले. "तिमकतच्या सणाला एका ताटात जेवायला बसाल आणि भरवाल."

डॉक्टरने असे वचन देऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावतो.

हिदार ९

माझी सहायक डॉ. मेअझा रोज संध्याकाळी कोंबडीच्या तंगडीवर वाहिन्या जोडण्याचा सराव करते. हात चांगला आहे. प्रश्न फार विचारते. डोळ्यांच्या विभागाने त्यांचा सूक्ष्मदर्शक एका दिवसापुरता द्यायचे कबूल केले. त्यासाठी त्यांच्या प्रमुखाला दोनदा जेवायला घातले आणि त्याच्या शिकारीच्या त्याच त्या गोष्टींवर हसलो.

वर्कनेशला नियम समजावले. मुलीला गार वारा लागता कामा नये, मान वळवायची नाही, वॉर्डात विडी-सिगारेट नाही, कॉफी नाही.

"सिगारेट आमच्यात कोण ओढतंय," ती म्हणाली. "पण कॉफी नाही म्हणजे? तिला नाही, का मलाही नाही?"

"तिला नाही. कॉफीनं वाहिन्या आवळतात. पण वॉर्डातच नको, म्हणजे भानगड नको."

"मग आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं करणार काय? नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघणार?"

सिस्टर अस्कालेचला हसू आवरेना. खरे म्हणजे कॉफीमुळे तुकडा मेल्याचे मी कुठे पाहिलेले नाही. मी जिथे शिकलो तिथे हा नियम होता, म्हणून माझ्याकडेही आहे. वर्कनेशने मरियमची शपथ घेतली की मुलीच्या तोंडाला कॉफी लावणार नाही. मी म्हटले, शपथ कशाला घेता.

हिदार १८

झाले. सकाळी हात धुऊन उभा राहिलो तो अंधार पडायच्या आधी जेमतेम बाहेर आलो. पाठीचा पार भुगा झाला आहे, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मांडीचा तुकडा सुरेख निघाला. मानेतल्या वाहिन्याही मिळाल्या, एकीला चिकटून होता तो जुना वण सोडवताना मी श्वास घ्यायला विसरलो. मग पायातली शीर. ती निघाल्यावर ओल्या सुतासारखी हातात पडते, कुठे पिळली तरी डोळ्यांना कळत नाही. म्हणून काढण्याआधी तिच्या लांबीवर निळ्या शाईची रेघ ओढतात. रेघ सरळ, तर शीर सरळ.

"सर, रेघ?" मेअझाने विचारले.

शाई ट्रेमध्ये नव्हती. खालच्या भांडारातून आणवायला हवी होती. इकडे डोळ्यांच्या विभागाचा माणूस दारात दोनदा डोकावून गेला होता, त्यांना सूक्ष्मदर्शक आजच परत हवा होता.

"माझ्या बोटांना कळतं," मी म्हटले.

"पण सर, दोन मिनिटांत..."

"मेअझा, तू कोंबड्या शीव."

सगळे हसले, तीही हसली. तिला लागले असावे, पण थिएटरात कोणी मनाला लावून घेऊ नये.

चिमटे सोडले तेव्हा दोन्ही पूल फुगले, आणि तुकडा आधी पांढरा होता तो बघता बघता गुलाबी झाला. सिस्टर अस्कालेचने लग्नात काढतात तसा जीभ हलवून लांब सूर काढला. थिएटरात असे करायचे नसते. मी तिला काहीच बोललो नाही. माझेच डोळे भरले होते.

हिदार १९

तुकडा गुलाबी, उबदार, मऊ. टोचले की ताजे लाल रक्त. गळ्यात नळी असल्यामुळे यशारेगला बोलता येत नाही. तिने हात वर करून बोटांनी हवेतच चेहरा चाचपला. मी आरसा दाखवला नाही, पण म्हटले, "गाल आहे. जाड आहे, बेढब आहे, पण आहे. पुढे आणखी कोरून देईन." तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी तुकड्याचे फोटो काढले. परवा शल्यचिकित्सकांची वार्षिक सभा आहे, तिथे माझे भाषण ठेवलेच होते. आता विषय बदलला. भाषणाचे नाव काय द्यावे यावर सकाळ घालवली. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल, हे बायकोला सांगितले तर ती म्हणाली, "ते तेव्हाच दिसलं होतं."

हिदार २१, सकाळी

सभेच्या हॉटेलात बसून लिहितो आहे. माझी पाळी यायला अवकाश आहे.

पहाटे सिस्टर अस्कालेचचा फोन आला. "सर, गाल निळसर दिसतोय. सुजलाही आहे." इकडे येतानाच वाकडी वाट करून पाहून आलो. निळसर आहे खरा. टोचले तर रक्त आले, पण काळपट. रक्त परत नेणारी शीर तुंबली की असे होते. हाताळल्यामुळे काळेनिळे पडले तरीही असे दिसते.

मेअझा तिथेच होती. "सर, आत्ता उघडून बघू या. थिएटर रिकामं आहे."

"काळंनिळं पडलंय नुसतं. दुपारी बघू."

"दुपारपर्यंत उशीर झाला तर?"

"प्रत्येक डागाला मान उघडत बसलो तर मानच उरणार नाही."

वर्कनेश आज खुशीत होती. आज मरियमचा दिवस, तिने नवस बोललेला. माझ्या हाताचे चुंबन घेऊन म्हणाली, "देवानं तुमची बोटं जपावीत." उपवासाने तिचे तोंड सुकले होते. मनात आले, थांबावे का? पण सभेत माझ्या आधीचे दोघे आटोपते घेणारे आहेत, आणि माझ्या भाषणासाठी मंत्रालयाचा माणूस मुद्दाम येणार आहे. सूक्ष्मदर्शक विकत घ्यायचा तर त्याची सही लागते. हे मी फक्त माझ्यासाठी करत नाही.

हिदार २१, संध्याकाळी

भाषण फार छान झाले. गुलाबी गालाचा फोटो पडद्यावर आला तेव्हा माणसे उठून उभी राहिली.

दुपारनंतर वॉर्डात शिरलो तर कॉफीचा वास. वर्कनेशने धोबीघाटाच्या बाजूला कोळसे पेटवून कॉफी भाजली, उकळली होती आणि आता ती कॉफीची मातीची सुरई, जेबेना, घेऊन वॉर्डभर कप वाटत फिरत होती. मरियमच्या नावाने. सगळ्या खाटांवर बायका हातात कप घेऊन बसल्या होत्या. लाह्याही होत्या.

"हिला दिली?" मी विचारले.

"नाही हो. प्रसाद म्हणून थेंबभर बोटानं ओठाला लावली," ती म्हणाली. "थेंबभरच. मरियमची आहे."

गाल जांभळाकाळा झाला होता. मी जेबेना तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि बाहेर ओतून टाकला. मग यशारेगला थिएटरात नेले.

मान उघडली. रक्त आणणारा पूल ठीक होता. परत नेणारा एक पूर्ण वेढा पिळलेला, आणि पिळाच्या अलीकडे रक्त गोठून दोरीसारखे घट्ट झालेले. सूज आल्यावर पिळला असणार. पीळ सोडवला, गाठ काढली, पुन्हा जोडले. पण तुकड्यातून रक्त फिरेना. फार वेळ गेला होता. मेअझाने घड्याळाकडे पाहिले. मला तिचा राग आला.

बाहेर वर्कनेश पायरीवर बसली होती. मला पाहून उभी राहिली.

मी म्हटले, "मी सांगितलं होतं ना, कॉफी नको म्हणून?"

एवढेच बोललो.

हिदार २३

आज तुकडा काढून टाकला. कडा सडत होत्या, त्याही कापाव्या लागल्या. भोक आता पूर्वीपेक्षा मोठे आहे. मानेच्या त्या बाजूला वापरण्याजोगे काही उरले नाही. दुसऱ्या बाजूने करता येईल, पण पूल आणखी लांब लागेल, आणि एवढ्यात तर नाहीच.

हात धुताना मेअझा म्हणाली, "सर, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"कॉफीनं धमनी आवळते. मग तुकडा पांढरा पडायला हवा होता. हा निळा पडला. आणि पहाटेच पडला, तेव्हा कॉफी भाजलीसुद्धा नव्हती."

"वैद्यकात एकच कारण कधी नसतं."

"मग आईला एकच का सांगितलं?"

मी नळ बंद केला. तिला म्हटले, तू अजून लहान आहेस. ती तिशीची आहे. पण मी तिच्या वयाचा असताना मलाही सगळे सोपे वाटायचे.

मी खोटे बोललेलो नाही. कॉफी नको हे मी सांगितले होते, आणि तिने ती केली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

हिदार २७

वॉर्डात वाईट चालले आहे. ज्या बायकांनी कॉफी प्यायली त्याच आता वर्कनेशशी बोलत नाहीत. एकीने आपली खाट हलवून घेतली. यशारेगच्या गळ्यातली नळी काढली आहे, पण ती आईशी बोलत नाही. आईने नाकातल्या नळीतून दूध द्यायला हात पुढे केला की तोंड फिरवते. सिस्टर अस्कालेच देते तेव्हा घेते. वर्कनेश मग पेला धरून उभी राहते आणि थोड्या वेळाने तो जमिनीवर ठेवते.

मी तिथून जात होतो तेव्हा यशारेगने हाक मारली.

"डॉक्टर, एका थेंबानं होतं?"

मी म्हटले, "कधीकधी होतं."

"मी तोंड घट्ट मिटायला हवं होतं," ती म्हणाली. त्या तोंडाने तिला ते मिटता येत नाही. पांघरूण सारखे केले आणि निघालो.

दुपारी मला फार वाईट वाटले. इतके की जेवण गेले नाही.

ताहसास महिना, ३

मेअझाने बदलीचा अर्ज केला आहे. कारण लिहिले आहे, घरगुती. मी बोलावून घेतले.

"तू मायलेकींना सांगणार आहेस का?" मी विचारले.

"ते तुम्ही सांगायचं आहे, सर. मी सांगितलं तर आई म्हणेल, ही पोर डॉक्टरांवर जळते. तिचा तुमच्यावर देवाएवढा विश्वास आहे."

"ऐक. हे माझ्या शिवणीमुळे झालं असं बाहेर गेलं तर हे काम बंद पडेल. सूक्ष्मदर्शक मिळणार नाही. अशी आणखी मुलं येतायत, भोकं पडलेली. त्यांचं काय?"

"आणि हिचं?"

"आई आहे, सोसेल. आया सोसतात."

हे बोलून झाल्यावर मला स्वतःलाच कसेसे झाले. म्हणून संध्याकाळी वॉर्डात गेलो. सांगायचेच ठरवून गेलो होतो, शब्दसुद्धा जुळवले होते: शीर पिळली होती, मी रेघ ओढली नव्हती, सकाळी उघडायला हवे होते. वर्कनेश खाटेखाली झोपली होती. मला पाहताच धडपडून उठली आणि वाकून माझ्या बुटांना हात लावला.

"तुम्ही त्या दिवशी मला मारलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं एक वाक्य बोललात. एवढं चांगलं माणूस मी पाहिलं नाही."

मी विचारले, "जेवलात का?"

ती म्हणाली, उपवास आहे. मी बरं म्हटले आणि घरी आलो.

ताहसास १०

आज यशारेगला घरी सोडायचे होते. जखम भरली आहे, आमच्याकडे ठेवण्यासारखे काही नाही. सकाळी सिस्टर अस्कालेच धावत आली. "सर, बाहेर या. गावाकडची माणसं आली आहेत."

ओसरीत पांढऱ्या शाली पांघरलेले तीन म्हातारे उभे होते. पुढचा वर्कनेशचा थोरला भाऊ, वोल्दे. त्यांच्या मागे वर्कनेश, कमरेत वाकलेली, मानेवर दगड. दोन्ही हातांनी धरलेला, जात्याच्या पाळीएवढा. लहानपणी मी हे गावात पाहिले आहे, खुनात, जमिनीच्या वैरात. ज्याचा अपराध तो असा दगड घेऊन येतो आणि समोरच्याने माफ केल्याशिवाय उतरवत नाही. हॉस्पिटलात कधी पाहिले नव्हते. ओसरीतले रुग्ण उठून उभे राहिले. यशारेगला कोणीतरी बाकावर आणून बसवले होते. शालीने तिने पूर्ण चेहरा झाकला होता, फक्त डोळे दिसत होते.

"डॉक्टर," वोल्दे म्हणाले, "हिनं तुमचा शब्द मोडला. तुमच्या हातचं काम नासवलं आणि आपल्या पोरीचं तोंड घालवलं. पोर हिच्याशी बोलत नाही, गावात हिच्या हातचं पाणी कोणी घेणार नाही. पोरीला विचारलं तर ती म्हणते, डॉक्टर माफ करतील तर मीही करीन. म्हणून आधी तुमच्याकडे आलो. देवासाठी माफ करा."

वर्कनेशचे पाय थरथरत होते. खांबाजवळ मेअझा उभी होती. आज तिचा इथला शेवटचा दिवस. ती माझ्याकडे पाहत नव्हती, वर्कनेशकडे पाहत होती.

सांगायला ती वेळ चांगली होती. चार वाक्ये पुरली असती. पण तीन म्हातारे एवढ्या लांबून आलेले, सगळा वॉर्ड जमलेला. आणि मी नाही म्हटले असते, किंवा दुसरेच काही बोललो असतो, तर ती मुलगी कोणाकडे बघणार होती? माफ केले तर निदान मायलेकी एकत्र घरी जातील, असा विचार मी केला. खरेच केला.

मी पुढे झालो आणि म्हटले, "देवासाठी माफ केलं." मग दगड तिच्या मानेवरून उतरवला. कातडी सोलवटली होती.

बायकांनी लांब सूर काढला. यशारेग उठली, आईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर डोके ठेवले. वर्कनेश इतकी रडली की तिला खाली बसवावे लागले. वोल्देंनी माझे दोन्ही खांदे धरले. "नुकसान तुमचं झालं आणि माफीही तुम्हीच दिलीत. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." मी मान हलवली. मेअझा खांबाजवळून निघून गेली होती.

बसची वेळ झाली तेव्हा वर्कनेश एकटीच माझ्या खोलीच्या दारात आली. आत येईना. उंबऱ्यावरूनच बोलली.

"पोरीचं पुन्हा करता येईल म्हणालात, दुसऱ्या बाजूनं."

"येईल. पुढच्या वर्षी बघू."

"मी विचार केला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी भाऊ तिला आणून सोडेल. मी येणारच नाही, डॉक्टर. घरून निरोपही पाठवणार नाही. मी जवळ नसले तर टिकेल ना ते?"

ती उत्तरासाठी थांबली होती. बाहेर भाऊ हाका मारत होता.

मी म्हटले, "टिकेल."

"मग झालं," ती म्हणाली, आणि हलक्या पावलांनी गेली.